शाळेचा खर्च कोण ठरवतो?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावाचं ऐकायला आलो आणि यांनी उभं राहून शाळेचं काय काढलं, असं काहींच्या मनात येईल. भावाचं बोलणं जेवणानंतर आहेच. पण गेल्या काही महिन्यांत गावोगाव फिरताना एक प्रश्न आमच्यापुढे सारखा आला. शाळेत चौदा पोरं उरली, आता आमची शाळा राहते का जाते? तालुक्याला विचारायला गेलं की साहेब लोकांचं उत्तर ठरलेलं. गावाला शिक्षणाची किंमत असती तर शाळेवर ही वेळ आली असती का? सरकार चौदा पोरांसाठी दोन मास्तरांचा पगार देतं, आणि तुम्हीच पोरं दुसरीकडे पाठवता!

हे ऐकून आपली माणसं मान खाली घालून परत येतात. आज या बोलण्याचा हिशेब तपासू.

यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. जिथं शाळेवर पैसा जास्त लागतो तिथल्या लोकांना शिक्षणाची आस जास्त, जिथं कमी लागतो तिथं आस कमी. शेतीतला माणूस असं कधी बोलणार नाही. मुरमाड रानात एकरी दोन क्विंटल कापूस निघाला आणि कॅनॉलखालच्या काळ्या रानात दहा निघाला, तर मुरमाडवाल्याला कापूस नकोच होता असं आपण म्हणतो का? त्यानं निंदण-डवरणी दुप्पट केली असेल. उतारा पाहून जमीन कळते, पाणी कळतं. शेतकऱ्याच्या मनातलं कळत नाही.

गावच्या शाळेत पैसा येतो तो कुठून येतो? जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला सुरू झाल्या, तेव्हापासून प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आहेत. पण मास्तरांचा पगार राज्य सरकारच्या अनुदानातून येतो. मास्तर किती द्यायचे हे पटावरून ठरतं. खोल्यांचा, पुस्तकांचा पैसा बराचसा समग्र शिक्षासारख्या योजनांतून येतो, त्याचं सूत्र दिल्लीत आणि मुंबईत बसतं. जिल्हा परिषदेचं स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न म्हणजे जमीन महसुलावरचा उपकर आणि अशीच किरकोळ बाब. कोरडवाहू जमिनीचा महसूल किती असतो हे तलाठ्याच्या पावतीवर सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याच्यावरचा उपकर तो कितीसा?

उद्या तुमच्या गावानं एकमतानं ठरवलं की आम्हाला तिसरा मास्तर पाहिजे, त्याच्या पगारासाठी आम्ही घरटी जास्त पट्टी देतो. देता येईल का? नाही येणार. कायमचा शिक्षक नेमायचा अधिकार गावाला नाही, त्याच्यासाठी कर बसवायचाही नाही. फार तर लोकवर्गणी करून एखाद्या शिकलेल्या पोराला महिन्यावर ठेवता येतं. ज्या गोष्टीवर आपलं मत कधी कोणी घेतलंच नाही, तिच्यावरून आपलं मन कसं कळणार?

मग कोणी हुशार माणूस म्हणतो, अमेरिकेत बघा. तिथं शाळेचा मोठा खर्च त्या त्या भागातल्या लोकांच्या घरादारावरच्या करातून होतो. ज्यांना शिक्षणाचं महत्त्व ते जास्त कर देतात. बरं, तिथलंही पाहू. कॅलिफोर्निया राज्यात लॉस एंजेलिसच्या बाजूला दोन गावं आहेत. बाल्डविन पार्क हे साध्या कष्टकऱ्यांचं, बेव्हर्ली हिल्स हे श्रीमंतांचं. १९६८-६९ साली बाल्डविन पार्कची माणसं मालमत्तेच्या आकारणीवर दर १०० डॉलरला ५ डॉलर ४८ सेंट शाळेचा कर देत होती. बेव्हर्ली हिल्सवाले २ डॉलर ३८ सेंट. गरिबांचा दर दुपटीच्याही वर! आणि पोरामागे खर्च किती व्हायचा? बाल्डविन पार्कात ५७७ डॉलर, बेव्हर्ली हिल्समध्ये १२३२. कारण एका पोरामागे जी मालमत्ता होती ती बेव्हर्ली हिल्समध्ये १३ पटींहून जास्त होती. १९७१ साली तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं हे आकडे निकालात लिहिले आणि म्हटलं, पोराचं शिक्षण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या संपत्तीवर ठरतं, हे चालणार नाही.

म्हणजे जिथं लोक स्वतः कर ठरवतात तिथंही खर्चाचा आकडा लोकांची आस दाखवत नव्हता. ती पाहायची तर कराचा दर पाहायला पाहिजे होता. बागाइतदार आणि जिराइतदार, दुसरं काय!

आपल्याकडे हा हिशेब फार आधी एका माणसानं मांडला होता. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग आला. त्याच्यापुढे जोतीराव फुल्यांनी लेखी निवेदन दिलं. सरकारचं उत्पन्न बहुतेक रयतेच्या घामातून येतं, खर्च होतो तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, आणि रयतेच्या पोराला धड प्राथमिक शाळा नाही, हे त्यांचं म्हणणं. त्या काळात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेत, त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाचा. (आपला वऱ्हाड तेव्हा त्या इलाख्यात नव्हता, मराठवाडा तर निजामाचा. पण आपली गोष्ट वेगळी होती असं कोणी समजू नये.) पट्टी खेड्यात गोळा व्हायची, तिचं काय करायचं हे खेड्याला कोणी विचारत नव्हतं.

यात आम्हीही सुटत नाही. आम्ही शेतकीची पदवी घेतली. तिची फी जी भरली ती खर्चाच्या मानानं नावाला होती. बाकीचा पैसा कोणी भरला? ज्यानं फवारणीचं औषध घेतलं, डिझेल घेतलं, काडेपेटी घेतली, त्यानं. आजही कीटकनाशकाच्या बाटलीवर १८ टक्के जीएसटी जातो. बाटली घेणाऱ्याच्या पोराच्या शाळेत पाऊस गळतो. तेव्हा गावाला सगळं फुकट मिळतं हे निदान आमच्यासारख्यांनी तरी बोलू नये.

सरकारचं स्वतःचं माप काय आहे? कोठारी आयोगानं १९६६ साली सांगितलं की राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्चा. १९६८ च्या धोरणानं ते मान्य केलं. १९८६ च्या धोरणात ते पुन्हा आलं, २०२० च्या धोरणात पुन्हा. आजवर एकदाही ते गाठलेलं नाही. खर्चावरूनच आस मोजायची असेल तर आधी तिकडे मोजा.

आता घराकडे या. पोरगं गावच्या शाळेतून काढून इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतो, तो माणूस शिक्षणाला किंमत देत नाही? समजा गाडीचे महिन्याला ८०० रुपये. दहा महिन्यांचे ८०००. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८११०. म्हणजे एक क्विंटल कापूस नुसता गाडीला गेला, आणि तोही हमीभाव हाती पडला तर. त्याच हंगामात सरकारनं ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क उठवलं होतं, तेव्हा हाती काय पडलं ते तुम्ही जाणता. वर फी, कपडे, पुस्तकं वेगळी. घरात दोन पोरं असतील तर बहुतेक वेळा पोरगा गाडीत बसतो आणि पोरगी गावच्या शाळेत राहते. चौदांच्या पटात पोरी किती हे आपापल्या गावात मोजा. शाळा चार किलोमीटर लांब गेली तर सगळ्यात आधी घरी बसणार ती तीच. दिवाळीनंतर वेचणीला हात कमी पडतातच.

हे सगळं सरकारच्या खर्चाच्या वहीत कुठंही दिसत नाही.

इथवर टाळ्या वाजवणं सोपं आहे. आता जरा कडू बोलतो. मंदिराच्या सभामंडपाला आपल्या गावात लाखांनी वर्गणी जमते, आणि त्याच गावात शाळेच्या संडासाला दार नसतं. साहेब लोक हे दाखवतात तेव्हा आपल्याजवळ उत्तर नसतं. आम्ही यावर बरीच माणसं विचारली. बहुतेकांचं म्हणणं एकच. मंदिराचा पैसा पंचांच्या हातात असतो, हिशेब पाटीवर लागतो, चुकला तर चार माणसांत विचारता येतं. शाळेला दिला तर तो कुठल्या खात्यात गेला ते कळत नाही. जिथं हात पोचतो तिथं माणूस देतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांना बायाबापड्यांनी मूठमूठ धान्य दिलं ते याच कारणानं. आपली पोरं तिथं जेवताना दिसत होती.

पण हे कारण पुरेसं नाही. कारण एक जागा कायद्यानं आपल्या हातात दिलेली आहे आणि ती आपण सोडून दिली. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात शंभरातले ७५ पालक पाहिजेत, आणि समितीत निम्म्या बाया. या समितीनं शाळेचा विकास आराखडा करायचा, आणि कायदा म्हणतो की सरकारनं व स्थानिक संस्थेनं अनुदान द्यायचं ते या आराखड्याच्या आधारावर. गावाचं मन आणि सरकारचा पैसा यांची गाठ पडावी अशी साऱ्या कायद्यात ही एकच जागा. तिथं काय होतं? आराखडा हेडमास्तर एका रात्री भरतात, कारण तो पाठवायची तारीख आलेली असते. मग रजिस्टर घेऊन ते वावरात येतात आणि आपण धुऱ्यावर उभं राहून सही करतो. काय लिहिलं ते वाचत नाही. मास्तरांना तरी काय बोलायचं?

डिसेंबर २०१७ मध्ये सरकारनं दहापेक्षा कमी पटाच्या १३१४ शाळा बंद करायचं ठरवलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले. तेव्हा अशा शाळा चौदा हजारांवर होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार पोरं शिकत होती. दोन्ही वेळा आरडाओरड झाली, होतच राहील. पण आरडाओरडीनं फार तर तारीख पुढे जाते. "गावाला किंमत नाही" या बोलण्याला कागदावर उत्तर नसेल, तर तेच बोलणं पुढच्या आदेशाचं कारण होईल.

एकत्र केलेली शाळा वाईटच असते असं आमचं म्हणणं नाही. पाच वर्गांना एक मास्तर, त्यातही तो निवडणुकीच्या कामाला गेलेला, अशा शाळेपेक्षा बरी शाळा लांब असली तरी चालेल असं म्हणणारे पालक आम्हाला भेटले. त्यांचं चूक नाही. मात्र कोणती शाळा, किती लांब, गाडी कोणाची, गाडी बंद पडली तर पोरीला कोण आणणार, हे तिथल्या आयाबापांनी ठरवलं पाहिजे.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावानं दोन कागद आणायचे आहेत. पहिला कागद घराघरातून करायचा. वर्षाला पोरांच्या शिक्षणावर रोख किती गेले, गाडी, फी, शिकवणी, पुस्तकं वेगवेगळं लिहून, आणि त्यासाठी काय विकलं किंवा कोणाचं काढलं तेही. पोराचं आणि पोरीचं वेगळं लिहा, लाजू नका. दुसरा कागद म्हणजे आपल्या शाळेचा चालू विकास आराखडा. हेडमास्तरांकडे जाऊन त्याची प्रत मागा. ते देतील, नाही दिली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, नमुना कार्यालयात ठेवला आहे. वेचणी असेल तर बायांनी संध्याकाळी समितीची बैठक लावायला सांगा. बैठकीची वेळ पालकांनी ठरवू नये असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही.

दोन्ही कागद जुळवून जिल्हा परिषदेत घेऊन जायचं, ते केव्हा हे त्या दिवशी ठरवू. आता भाकरी झाल्या आहेत. जेवून घ्या, मग कापसावर बोलू.