पत्रांचे दफ्तर हलविताना



आमच्या आगाशीच्या वाड्यांतून केळी, विड्याची पाने आणि भाजीपाला पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस जात आला, आणि त्याच वाटेने घरची मुलेही प्रथम मुंबईस व पुढे आखातात, अमेरिकेत गेली. त्यामुळे संगणक आणि ई-मेल येथील घरांत हौसेपेक्षा गरजेपोटी आले. सन २००० च्या आसपास ज्यांनी संगणक घेतला, त्यांचा त्या काळचा पत्रव्यवहार, म्हणजे मस्कतहून आलेली मुलाची खुशाली, सातबाऱ्यावरील नावांविषयी भावाभावांत झालेला खल, सुकेळ्यांच्या मागण्या, हे सारे बहुधा आउटलुक एक्सप्रेस या पत्रपेटीत साठलेले असते. आणि ते तेथे सुखरूप आहे, या समजुतीवर घरची मंडळी निश्चिंत असतात.

ही निश्चिंती मला धोक्याची वाटते. त्या काळच्या शिरस्त्याप्रमाणे पत्र एकदा घरच्या संगणकावर उतरले, की सर्व्हरवरील प्रत बहुधा पुसली जाई. म्हणजे घरच्या डिस्कवर उरलेली प्रत हीच एकमेव अस्सल. ही प्रत डीबीएक्स नावाच्या फायलींत, प्रत्येक कप्प्याची एक फाइल याप्रमाणे, अशा रीतीने बांधलेली असते, की तिची अंतर्गत मांडणी मुख्यत्वे त्या प्रोग्रॅमलाच उमगावी. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टातून आउटलुक एक्सप्रेस वगळले गेले, आणि ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीचीही देखभाल तिच्या निर्मात्या कंपनीने थांबविली. पत्रे आपली, बांधणी मात्र परक्याची.

याउलट, पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधलेले आजही शाबूत आहेत. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेची पत्रे मोडीत आहेत. ती बाळबोधीत उतरविणारे जाणकार लाभले, म्हणूनच ती आपणांस छापील रूपात वाचावयास मिळतात. डीबीएक्सची मोडी वाचणारे प्रोग्रॅम मात्र दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहेत.

यास्तव पत्रे अशा ठिकाणी न्यावीत, जेथे बांधणी सर्वांस खुली आहे. थंडरबर्ड हा विनामूल्य प्रोग्रॅम आपली पत्रे एमबॉक्स नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवतो. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तरी ‘फ्रॉम’ या शब्दाने आरंभ होणारी ओळ, मग तारीख, विषय, मजकूर, आणि पुन्हा ‘फ्रॉम’, असा क्रम डोळ्यांना दिसतो. थंडरबर्ड उद्या बंद पडला, तरी ही फाइल वाचता येईल. माझ्या मते एवढा एकच गुण निवडीस पुरेसा आहे.

स्थलांतर जुन्या संगणकावरच करावे. एक्सपीवर चालणारी थंडरबर्डची अखेरची आवृत्ती ५२ क्रमांकाची. ती दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने आणावी, कारण एक्सपीचे यंत्र आज इंटरनेटला जोडणे हिताचे नव्हे. तेथे ‘इम्पोर्ट’ची आज्ञा देऊन पत्रे आत घ्यावीत, आणि मग थंडरबर्डचा प्रोफाइल फोल्डर नव्या यंत्रावर न्यावा. पत्त्यांची वही निराळ्या फाइलीत असते. तिचा विसर पडू नये. कोणी डीबीएक्स फायली पूर्वी सीडीवर उतरविल्या असतील, तर त्या परत घेताना ‘रीड ओन्ली’ची खूण अंगावर घेऊन येतात, आणि प्रोग्रॅम त्यांस हात लावीत नाही. फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ती खूण काढली, की अडलेले काम मार्गी लागते.

मराठी पत्रांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण शिवाजी, किरण अशा फॉन्टांत लिहीत होतो. त्या पत्रांत देवनागरी अक्षर मुळी नसतेच. असतात ती रोमन अक्षरे, ज्यांना फॉन्ट मराठी रूप देतो. नव्या यंत्रावर फॉन्ट नसला, की आईचे पत्र निरर्थक रोमन अक्षरांची रास होऊन समोर येते, आणि बिघडले म्हणून पुसले जाते. कृपा करून ते पुसू नका. जुन्या यंत्रातील फॉन्टही सोबत न्या. युनिकोडमध्ये रूपांतर सवडीने करता येईल, पण अस्सल तशीच राखून.

शेवटी प्रत्येक कप्प्यातील पत्रांची संख्या दोन्हीकडे ताडून पाहा, आणि सर्वांत जुने पत्र व छायाचित्र जोडलेले एखादे पत्र उघडून खात्री करून घ्या. आमच्या किनाऱ्यावरची खारी हवा यंत्रांना फार काळ टिकू देत नाही. म्हणून माळ्यावरचा संगणक भंगारवाल्यास देण्याचे मनात असेल, तर तत्पूर्वी तो एकदा सुरू करून पाहा, आणि सुरू झाला, तर हे काम त्याच दिवशी हाती घ्या.