पादतल-उपचार : प्रशिक्षण आणि जबाबदारी



थकूनभागून आलेल्या माणसाचे पाय चेपणे ही आपल्या घराघरांतील जुनी सेवा आहे. तळपायाला तूप किंवा तेल लावून ते काशाच्या वाटीने घासण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांत आजही पाळली जाते. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथातही डोके, कान आणि पाय यांना आवर्जून तेल लावावे, असे सांगितले आहे. त्यामुळे तळपायावर दाब देऊन उपचार करणारी रिफ्लेक्सॉलॉजी आपल्याकडे आली, तेव्हा ती लोकांना परकी वाटली नाही. आज तिचे फलक लागतात, अल्पमुदतीचे वर्ग चालतात आणि प्रमाणपत्रे भिंतीवर झळकतात. अशा वेळी या व्यवसायाचे प्रशिक्षण कसे असावे आणि त्याची मर्यादा कोठे आहे, हे गावाचा कारभार पाहणाऱ्यांनी व गावाला शिकविणाऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

उगम आणि आधार

ही पद्धती आजच्या स्वरूपात अमेरिकेत घडली. विल्यम फिट्झगेराल्ड या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले आणि एका ठिकाणी दिलेल्या दाबाचा परिणाम त्याच पट्ट्यातील दुसऱ्या भागावर होतो, असे मत मांडले. एडविन बॉवर्स यांच्यासह लिहिलेले त्यांचे पुस्तक १९१७ साली प्रसिद्ध झाले. पुढे युनिस इंगहॅम या बाईंनी हा विचार मुख्यतः पायांपुरता आणून तळपायाचा नकाशाच तयार केला. त्यांचे पुस्तक १९३८ सालचे. अंगठ्याच्या टोकाशी मेंदू, चवड्याशी फुप्फुसे, टाचेशी कटिभाग अशी ही मांडणी आहे. १९६० नंतरच्या दशकात डोरीन बेली यांनी ही विद्या ब्रिटनमध्ये नेली.

या नकाशाला शास्त्राचा आधार किती, हा प्रश्न टाळून चालणार नाही. तळपायाचा विशिष्ट बिंदू आणि यकृत किंवा मूत्रपिंड यांना जोडणारा असा कोणताही मार्ग शरीररचनाशास्त्राला सापडलेला नाही. प्रा. एडझार्ड अर्न्स्ट यांनी या विषयावरील नियंत्रित चाचण्यांचा आढावा २००९ साली प्रसिद्ध केला. त्यात अठरा चाचण्या तपासल्या होत्या. कोणत्याही आजारावर हा उपचार खात्रीने गुणकारी ठरतो, असे त्यांतून सिद्ध होत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. मात्र शांतपणे आणि कुशल हाताने पाय चोळले असता माणसाला विसावा मिळतो, हा सर्वांचाच अनुभव आहे. विसावा देणे ही काही कमी मोलाची सेवा नव्हे. पण विसावा देणे आणि रोग बरा करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. या व्यवसायाची सारी नीती हा भेद सांभाळण्यातच आहे.

प्रशिक्षणात काय असावे

ब्रिटनमध्ये या व्यवसायाला कायद्याने सक्तीची नोंदणी नाही. तथापि २००८ साली स्थापन झालेल्या ‘कॉम्प्लिमेंटरी अँड नॅचरल हेल्थकेअर कौन्सिल’ या संस्थेकडे ऐच्छिक नोंदवही आहे. तीत नाव घालू इच्छिणाऱ्याने ठरीव दर्जाचे शिक्षण घेतलेले असावे लागते. त्याने व्यवसायाचा विमा उतरवावा आणि वेळोवेळी आपले ज्ञान अद्ययावत करावे, अशीही अपेक्षा असते.

चांगल्या अभ्यासक्रमात अंगठा कसा सरकवावा व दाब किती द्यावा हे तर शिकवितातच. पण तेवढ्याने विद्या पुरी होत नाही. पायातील सव्वीस हाडे, त्यांचे सांधे, रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांचा अभ्यास हवा. नखे कापलेली असणे, हात धुणे, दर वेळी स्वच्छ पंचा वापरणे या साध्या गोष्टी अंगवळणी पडाव्या लागतात. येणाऱ्या व्यक्तीचे पूर्वीचे आजार, चालू औषधे आणि तिची संमती यांची नोंद ठेवावी लागते. प्रत्यक्ष माणसांवर काम करून त्याच्या नोंदी शिक्षकांकडून तपासून घ्याव्या लागतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणत्या पायाला हात लावू नये, हे शिकावे लागते.

पोटरी एकाएकी सुजली, तापली आणि दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी असण्याचा संभव असतो. अशी पोटरी किंवा पाय चोळणे धोक्याचे असते. जखम, जंतुसंसर्ग किंवा ताजा अस्थिभंग असेल, तेथेही हात आवरावा लागतो.

न दुखणारा पाय

याहून फसवा धोका मधुमेही माणसाच्या पायात असतो. दीर्घकाळच्या मधुमेहाने मज्जातंतू क्षीण होतात आणि तळपाय बधिर होतात. बिंदूंवर दाब देणारा माणूस ‘दुखते का?’ असे विचारीत पुढे जातो. उत्तर हाच त्याचा मार्गदर्शक असतो. बधिर पाय हे उत्तर देऊ शकत नाही. टोकदार लाकडी रुळावर असा पाय घासला, तर कातडी सोलली तरी कळत नाही. जखम चिघळते, आणि कधी बोट, कधी पाऊल गमावण्याची पाळी येते. वेदना ही शरीराची राखणदार आहे, ही गोष्ट डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करताना दाखवून दिली. मधुमेही पायांनाही ती तितकीच लागू पडते.

समजा, एखाद्या शेतकऱ्याच्या पायाला मुंग्या येतात. तो प्रथम पाय चेपून घेण्यास जातो. उपचार करणारा जाणता असेल, तर तो साखर तपासण्यासाठी त्याला प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवील. अर्धवट शिकलेला असेल, तर वीस बैठकांचा दर सांगेल. तेथे वाया जाणारे दिवस त्या शेतकऱ्याच्या पायातून वजा होतात.

कायदा आणि पदवी

केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीने अनेक पर्यायी उपचारांबरोबर रिफ्लेक्सॉलॉजीचाही विचार केला होता. त्यावरील २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशान्वये तिला स्वतंत्र वैद्यकपद्धती म्हणून मान्यता मिळाली नाही. मान्यता नसलेल्या पद्धतींचे पूर्णवेळ पदवी व पदव्युत्तर पदवी अभ्यासक्रम चालवू नयेत आणि ‘डॉक्टर’ हे उपपद मान्यताप्राप्त पद्धतींच्या व्यावसायिकांनीच लावावे, असे समितीने सुचविले होते. नोंदणीवाचून वैद्यकी करण्यास महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ अन्वये मनाई आहे. म्हणजे पाय चोळून विसावा देणे वेगळे आणि त्याच खोलीत बसून रोगाचे निदान करणे किंवा औषध बंद करावयास सांगणे वेगळे.

गावाने काय करावे

गावात असे केंद्र सुरू झाले, तर त्याकडे संशयानेच पाहावे असे नाही. प्रामाणिक हातांना काम मिळत असेल, तर ते स्वागतार्हच आहे. परंतु काही प्रश्न अवश्य विचारावेत. शिक्षण कोठे, किती काळ आणि कोणाच्या देखरेखीखाली झाले? उपचारापूर्वी मधुमेह, गरोदरपण व जखमा यांची चौकशी होते काय? नोंदी ठेवल्या जातात काय? चालू औषधे बंद करण्यास कोणी सांगते काय? कोणता रुग्ण डॉक्टरांकडे पाठविला, याचे एक तरी उदाहरण आहे काय? हे प्रश्न ग्रामसभेत सर्वांसमोर मांडता येतील. शिक्षकांना शाळेत मुलांकरवी घरच्या मधुमेही आजी-आजोबांचे तळपाय रोज उजेडात पाहण्याची सवय लावता येईल. आशा स्वयंसेविकांचे साहाय्य यात मोलाचे ठरेल.

या व्यवसायात पाऊल टाकणाऱ्या तरुण-तरुणींनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. भिंतीवरील प्रमाणपत्राने गिऱ्हाईक एकदा येते. ‘हे माझ्या हातचे काम नव्हे, आपण आधी डॉक्टरांना दाखवा’ असे वेळीच सांगणाऱ्यावर मात गाव विश्वास ठेवते.