अलंकार आधी कानावर


मुलांना अलंकार शिकवताना आधी उदाहरण ऐकवा.
व्याख्या मागाहून.

साधी भाकरी घ्या.
‘भाकरी चंद्रासारखी गोल आहे.’
ही झाली उपमा.
खायचा उपमा नव्हे, हं!
भाकरी हे उपमेय.
चंद्र हे उपमान.
गोलपणा दोघांतला समान गुण.
आणि ‘सारखी’ हा साम्य दाखवणारा शब्द.

आता म्हणा,
‘भाकरी म्हणजे जणू चंद्रच!’
ही उत्प्रेक्षा.

‘भाकरी हाच आमचा चंद्र’ म्हटलं,
तर रूपक.
इथं दोघांत भेदच उरला नाही.

परीक्षेत नुसता ‘जणू’ हुडकून मार्क मिळतात.
कविता कळतेच, असं नाही.
म्हणून पुन्हा सांगते,
आधी उदाहरण,
मग व्याख्या.

शिक्षकहो, उद्याच्या तासाला
प्रत्येकाला आपल्या डब्यातल्या पदार्थावर
एक उपमा करायला सांगा.