निरोप आणि निरोप्या

(इयत्ता दहावीच्या विद्यार्थ्यांच्या निरोपसमारंभांत, तिरोडा येथें, शिक्षकवर्गाच्या वतीनें केलेलें भाषण. धर्मग्रामाच्या महोत्सवी अंकासाठीं तें येथें छापण्यांत येत आहे.)



धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांत लाखोळी उभी असते, पळसाला कळ्या धरूं लागतात, आणि शाळेच्या दालनांत सतरंज्या अंथरल्या जातात. तेव्हां समजावें, कीं दहावीच्या वर्गाच्या निरोपाचा दिवस आला. वर्षानुवर्षें आम्ही हा समारंभ करीत आलों आहों. नववीचीं मुलें तोरणें बांधतात, कोणी गाणें म्हणतें, कोणास मध्येंच हुंदका येतो, अखेरीस छायाचित्र काढलें जातें, आणि अल्पोपाहार होऊन मंडळी घरोघर जातात. शिक्षकांच्या वतीनें चार उपदेशाचे शब्द बोलण्याचा रिवाजही पाळला जातो. मन लावून अभ्यास करा, आईबापांस विसरूं नका, व्यसनापासून दूर राहा, हें आम्हीं इतक्या वेळां सांगितलें आहे, कीं तें तुम्ही आमच्या आधींच म्हणून दाखवाल. म्हणून आज तो उपदेश बाजूस ठेवून एका शब्दाविषयीं बोलावें असें आम्हीं योजिलें आहे. तो शब्द म्हणजे 'निरोप'.

आपल्या भाषेंत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. निरोप घेणें म्हणजे जाण्याची अनुज्ञा घेणें. आणि निरोप सांगणें म्हणजे एकाचें बोलणें दुसऱ्यापर्यंत पोहोंचतें करणें. 'आईला माझा निरोप सांग' असें आपण म्हणतों, तेव्हां दूर असलेल्या दोन माणसांस कोणी तिसरा जोडीत असतो. जाणें आणि जोडणें हे दोन्ही अर्थ एकाच शब्दांत सुखानें नांदतात, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. ज्या काळीं टपाल नव्हतें आणि तारायंत्र नव्हतें, त्या काळीं जो गांवाहून निघे त्याच्याच हातीं सर्वांचें सांगणें सोपविलें जाई. जाणारा मनुष्य हाच निरोप नेणारा होई, आणि गांव सोडतांना सहसा कोणी रिकाम्या हातानें निघत नसे.

आम्हां मराठी कॅथोलिकांस हा शब्द आणखी एका कारणानें जवळचा आहे. १९०३ सालीं येशूसंघाचे जर्मन धर्मगुरू फादर हेन्री डोरिंग यांनीं तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत एक मराठी मासिक सुरू केलें व त्याचें नांव 'निरोप्या' असें ठेविलें. हेच फादर पुढें पुण्याचे बिशप झाले. परमुलखांतून आलेल्या या गृहस्थांनीं आपली भाषा आत्मसात केली, आणि मासिकास नांव देतांना एखादा भारदस्त पंडिती शब्द न शोधतां, दारोदार जाऊन बातमी सांगणाऱ्या साध्या माणसाचें नांव घेतलें. निरोप्याचें मोठेपण त्याच्या अंगरख्यांत नसतें. तो ज्या दारीं जातो त्या दारीं तो पोहोंचला कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें असतें.

पवित्र मिस्सेचेंही असेंच आहे. 'मिस्सा' हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून आला, त्याचा अर्थ पाठविणें असा आहे. मिस्सेच्या शेवटीं धर्मगुरू आपणांस नुसते घरीं धाडीत नाहींत. जें वेदीपाशीं मिळालें तें बाहेर नेण्यासाठीं ते आपणांस पाठवितात. तुमच्यांपैकीं पुष्कळ जणांचीं घरें ख्रिस्ती नाहींत हें आम्ही जाणतों, आणि तुम्हांस आम्हीं कधीं परकें मानलें नाहीं. तुम्हांसही ही गोष्ट समजेल. लेक सासरीं निघते तेव्हां तिच्या जाण्यास आपण सगळेच 'पाठवणी' म्हणतों. ती घर सोडते, तरी घरचें वळण आपल्याबरोबर नेते.

आणि आपलें तिरोडा तर पाठविणारेंच गांव आहे. येथला तांदूळ गिरण्यांतून निघून दूरच्या बाजारपेठांत जातो. उन्हाळ्यांत आसपासच्या जंगलांत तोडलेला तेंदूपत्ता बिडीसाठीं बाहेर जातो. येथल्या औष्णिक वीजकेंद्रांत प्रत्येकीं ६६० मेगावॅटचे पांच संच आहेत, म्हणजे एकूण ३,३०० मेगावॅट. ती वीज तारांवरून दूर धांवते. आणि हावडा-मुंबई लोहमार्गावरील आपल्या स्टेशनांतून येथलीं मुलेंही जातात. कोणी गोंदियास, कोणी नागपुरास, कोणी त्याहून पुढें पुण्यामुंबईस. या सभेंतील ज्या वडील मंडळींनीं अकरावीला मॅट्रिकची परीक्षा दिली, त्यांस आपला काळ आठवत असेल. १९७५ च्या मार्चमध्यें दहावीची शालान्त परीक्षा प्रथम झाली, आणि अकरावीच्या मॅट्रिकचे दिवस सरले. १९९९ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस भंडाऱ्यापासून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. परीक्षा बदलल्या, जिल्हा बदलला. परंतु फाटकापाशीं उभें राहून जाणाऱ्यांच्या पाठीकडे पाहण्याचें शिक्षकाचें काम बदललें नाहीं.

तुम्ही जातां याचें आम्हांस दुःख नाहीं. तुम्ही बहुतेक शेतकऱ्यांचीं मुलें आहां. रोवणी तुम्हांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. पावसाच्या आरंभीं पऱ्हे टाकतात. रोप वीतभर झालें म्हणजे तें उपटून, जुड्या बांधून, चिखल केलेल्या बांधींत रोवतात. जें रोप पऱ्ह्यांतच राहिलें तें दाटींत खुरटून जातें. तेव्हां उपटलें जाणें हें रोपाच्या भल्याचेंच आहे. परंतु रोवणींत आणखी एक गोष्ट तुम्हीं पाहिली असेल. उपटलेल्या जुड्यांपैकीं एखादी धुऱ्यावर विसरून राहते. सायंकाळीं बाया घरीं परततात, आणि ती जुडी तेथेंच वाळून जाते. तिच्यांत कांहीं उणें नसतें. तिला कोणीं उचललें नाहीं, इतकेंच. आजच्या या आनंदाच्या दिवशीं आम्हांस त्या जुडीविषयीं बोलावयाचें आहे.

तुम्ही पांचवीच्या वर्गांत बसलां तेव्हां तुमची संख्या आजच्याहून अधिक होती. जीं आज येथें नाहींत त्यांचीं नांवें तुम्हांस ठाऊक आहेत. त्यांत एक मुलगा होता. गणितांत त्याची बुद्धि चाले, आणि अक्षर तर फळ्यावर लिहावयास त्यालाच बोलवावें असें. आठवीच्या पावसाळ्यांत रोवणीसाठीं म्हणून तो पंधरा दिवस घरीं राहिला. पंधराचे तीस झाले. आम्हीं वर्गांत चौकशी केली. 'येईल, गुरुजी' असें उत्तर आलें, आणि त्या उत्तरावर आम्हीं समाधान मानलें. दिवाळीनंतर आम्ही त्याच्या घरीं गेलों, तों दाराला कुलूप. कुटुंब वीटभट्टीच्या कामास परजिल्ह्यांत गेलें होतें. शेजारची बाई म्हणाली, "गुरुजी, पोळ्याच्या आधीं आलां असतां, तर पोरगा थांबला असता." परत येऊन आम्हीं हजेरीपटांत त्याच्या नांवावर लाल रेघ ओढली. ती रेघ ओढण्यास क्षणभरही लागला नाहीं. त्याचें घर शाळेपासून दोन कोसांवरही नव्हतें. परंतु तेवढी वाट चालण्यास आम्हांस चार महिने लागले.

हें आम्ही कोणास दोष देण्यासाठीं सांगत नाहीं. दोष असलाच तर आमचा आहे. मुलींच्या नांवांवरही अशा रेघा आहेत. कोणी धाकट्या भावंडांस सांभाळावयास घरीं राहिली. कोणाचें लग्न ठरविण्याची घाई झाली, जरी मुलीचें वय अठरा पुरें झाल्यावांचून विवाह करणें कायद्यानें निषिद्ध आहे. शिक्षणाचा कायदाही आहे. २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस, म्हणजे आठवीपर्यंत, हमी देतो. नववी आणि दहावी हीं दोन वर्षें त्या हमीच्या बाहेर पडतात, आणि घरची ओढाताण नेमकी त्याच वळणावर मुलाचा हात धरते. जेथें कायद्याची हद्द संपते, तेथें शेजाऱ्याची सुरू झाली पाहिजे.

नव्याण्णव मेंढरें मागें ठेवून एका हरवलेल्या मेंढराच्या शोधास निघालेल्या मेंढपाळाचा दृष्टांत प्रभु येशूनें सांगितला. धर्मशिक्षणाच्या तासाला तो आम्हीं किती वेळां शिकविला! परंतु तें मेंढरूं आपण होऊन परत येईल म्हणून तो मेंढपाळ वाट पाहत बसला नाहीं, तो चालूं लागला, हें त्या दृष्टांताचें मर्म आम्हांस एका कुलूप लावलेल्या दारापुढें उभें राहिल्यावर कळलें.

तर मुलांनो, आमचा निरोप तो हाच. तुम्ही आज शाळेचे निरोपे झालां आहां. परीक्षा आटोपली म्हणजे प्रत्येकानें एक घर निवडावें; फार नको, एकच. ज्या घरीं तुमच्या वर्गांतलें किंवा तुमच्या मागचें एखादें मूल शाळा सोडून बसलें आहे, त्या घरीं जावें आणि सांगावें, कीं शाळेनें तुझी आठवण काढली आहे. आम्हां शिक्षकांस पाहून आईबाप संकोचतात. तुम्हांस पाहून ते खाट पुढें करतील. त्यांस सांगा, कीं जें मूल वर्गांत येऊं शकत नाहीं, त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीच्या परीक्षेस बसतां येतें. फॉर्म भरण्याची मुदत असते, ती चुकूं नये. त्याचे कागद जुळवून देण्यास आम्ही बसलेले आहों. आणि तुमचीं दहावीचीं पुस्तकें रद्दींत घालूं नका. तीं त्याच घरीं नेऊन ठेवा.

हा निरोप तुमच्यासाठींही आहे. निकालाच्या दिवशीं तुमच्यांपैकीं एखाद्यास अपयश येईल. त्या दिवशीं त्यानें तोंड लपवून धुऱ्यावर बसूं नये. त्याच वर्षीं पुरवणी परीक्षा होते; राहिलेला विषय सोडवितां येतो. जो उत्तीर्ण झाला त्यानें पेढा वांटण्याच्या आधीं आपल्या अनुत्तीर्ण मित्राच्या घरीं जावें. पेढा दुसऱ्या दिवशींही गोडच लागतो.

'आम्ही लहान, आमच्यानें काय होणार?' असें म्हणूं नका. इटलींतील कार्लो अकुतिस हा मुलगा २००६ सालीं वारला, तेव्हां तो पंधरा वर्षांचा, म्हणजे तुमच्याच वयाचा होता. पवित्र कम्युनियनसंबंधीं घडलेल्या चमत्कारांची माहिती त्यानें संगणकाच्या साह्यानें एकत्र करून लोकांपुढें मांडली. ७ सप्टेंबर २०२५ रोजीं पोप लिओ चौदावे यांनीं त्यास संत म्हणून घोषित केलें. तुमच्या हातांतल्या यंत्रानेंही निरोप जातो. तो कोणता न्यावा हें तुमच्याकडे आहे.

एक जुनी गोष्ट सांगून आम्ही आटोपतों. १८९३ च्या सुमारास कवि नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें जात होते. ती वाट आपल्या तिरोड्यावरूनच जाते. डब्यांत एक युरोपियन गृहस्थ भेटले. काव्यशास्त्राच्या गोष्टी झाल्या. आणि निघतांना त्या गृहस्थांनीं टिळकांच्या हातीं नव्या कराराचें पुस्तक ठेविलें. त्या पुस्तकानें टिळकांच्या आयुष्याची वाट पालटली, आणि १८९५ सालीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. टिळक आपल्या पंथाचे नव्हते, आणि पंथाची गोष्ट आम्ही आज बोलतही नाहीं. आमचें लक्ष त्या सहप्रवाशाकडे आहे. तो वाटेंत भेटला, आणि उतरतांना एक पुस्तक हातीं देऊन गेला. एवढेंच त्याचें काम होतें. तेवढें काम तुमच्यांपैकीं प्रत्येकास करतां येण्यासारखें आहे.

पुढल्या वर्षीं याच दिवसांत याच सतरंज्या पुन्हां अंथरल्या जातील. त्या वेळीं तुम्ही बक्षिसें व पदव्या घेऊन आलां तर आम्हांस आनंद होईल. पण त्याहून मोठा आनंद तुम्ही कोणास तरी हातीं धरून आणलें तर होईल. हजेरीपट आम्ही उघडा ठेवीत आहों. लाल रेघेखालीं तेंच नांव पुन्हां निळ्या शाईनें लिहितां येतें, आणि तें लिहिण्यास आमचा हात उत्सुक आहे.

परमेश्वर तुमच्या वाटा उजळ करो. पवित्र मरियामाता तुमच्या घरांवर आपला पदर धरो. जा, मुलांनो, आणि निरोप पोहोंचवा.