शास्त्रवचन आणि नित्याचा व्यवहार

रात्रीचें जेवण आटोपल्यावर घरांतील सर्वांनीं एकत्र बसावें, वडील माणसानें शास्त्राचा एक अध्याय वाचावा, प्रार्थना व्हावी आणि मग मंडळींनीं निजावयास जावें, हा मराठी ख्रिस्ती कुटुंबांतील जुना परिपाठ आहे. परंतु वाचलेला अध्याय आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं दार उघडल्यावर सुरू होणारा व्यवहार यांची गांठ कोठें पडते, असें कोणी विचारलें तर उत्तर देणें सोपें नाहीं. पुष्कळदां ती पडतच नाहीं. अध्याय संपतो, पुस्तक फळीवर जातें आणि व्यवहार आपल्या वाटेनें चालूं लागतो.

लेवीय या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय घ्यावा. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीति करण्याची प्रसिद्ध आज्ञा याच अध्यायांत, अठराव्या वचनांत आहे. ती लहान मुलांनाही पाठ असते. परंतु तिच्या पांच वचनें अगोदर, तेराव्या वचनांत, मजुराचें वेतन सकाळपर्यंत आपल्यापाशीं राहूं देऊं नये, अशी दुसरी आज्ञा आहे. ती क्वचितच कोणास आठवते. अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायांत तीच गोष्ट कारणासह सांगितली आहे: तो मजूर गरीब असतो आणि त्याचें सारें चित्त त्या वेतनाकडे लागलेलें असतें. शहरांतील सुखवस्तु घरांत मोलकरणीला “सुटे नाहींत, उद्यां पाहूं” असें सहज म्हटलें जातें. म्हणणाऱ्याच्या मनांत कपट नसतें. त्याच्या लेखीं तो केवळ एका दिवसाचा उशीर असतो. तिच्या घरीं मात्र त्याच सायंकाळीं वाण्याची उधारी उभी असते. प्रीतीची मोठी आज्ञा मजुरीच्या लहान आज्ञेनंतर आली आहे, हा क्रम लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

वचनें सुटीं तोडून घेण्याची खोड ही याच आजाराची दुसरी बाजू होय. फिलिप्पैकरांस पाठविलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायांत, सामर्थ्य देणाऱ्याच्या योगें आपण सर्व कांहीं करूं शकतों, या अर्थाचें पौलाचें वचन आहे. परीक्षेच्या दिवसांत तें विद्यार्थ्यांच्या वहीवर दिसतें. नवें दुकान उघडतांना भिंतीवर लागतें. पौलानें तें लिहिलें तेव्हां तो बंदिवासांत होता, आणि त्या ठिकाणीं विषय चालला होता तो उपासमार सोसण्याचा व विपुलतेंतही तोल न सोडण्याचा. यश मिळेल असा दाखला तेथें नाहीं. अपयश आलें तरी माणूस उभा राहूं शकतो, एवढाच आहे. परीक्षेंत नापास झालेल्या मुलाच्या वहीवर तें अधिक शोभेल!

उतारा जीवनाला लावणें म्हणजे काय, याचें एक उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासांत आहे. १८८३ सालीं पंडिता रमाबाई इंग्लंडांत वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत राहत होत्या. त्या भगिनींनीं लंडनमधील फुलम या भागांत, समाजानें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठीं एक आश्रम चालविला होता. तो रमाबाईंना दाखविण्यांत आला. तेथें त्यांनीं पाहिलें कीं, एके काळीं रस्त्यावर असलेल्या स्त्रिया आतां रोग्यांची व दुबळ्यांची शुश्रूषा करीत आहेत. शास्त्राध्ययनांत बालपण घालविलेल्या या विदुषीनें असा प्रकार आपल्या देशांत कधीं पाहिला वा ऐकला नव्हता. या स्त्रियांची एवढी काळजी तुम्ही कां घेतां, असें त्यांनीं एका भगिनीस विचारलें. तिनें युक्तिवाद केला नाहीं. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडून तिनें शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली.

ती कथा सर्वांच्या परिचयाची आहे, म्हणूनच ती सावकाश वाचली पाहिजे. दुपारची वेळ आहे. सूखार गांवाजवळ याकोबाच्या विहिरीपाशीं प्रवासानें थकलेला येशू बसला आहे. शिष्य अन्न विकत घेण्यास गेले आहेत. एक स्त्री पाणी भरावयास येते. यहुदी लोक शोमरोन्यांशीं व्यवहार ठेवीत नसत. अशा स्थितींत पहिला शब्द येशू बोलतो, आणि तो उपदेशाचा नाहीं, मागणीचा आहे: तो तिच्याकडे पाणी मागतो. तिच्या पांच नवऱ्यांचा उल्लेख पुढें येतो, परंतु त्याला धिक्काराची जोड नाहीं. ज्याला द्यावयाचें आहे त्यानें आधीं समोरच्याच्या हातून घ्यावें, हें या कथेचें मर्म आहे, आणि दानधर्म करणाऱ्या भल्या लोकांना तेंच सर्वांत अवघड जातें. जुने कपडे देणारा हात तिच्या घरचा चहा घेतांना आखडतो.

रमाबाईंनीं ही कथा ऐकून डोळे पुसले आणि पुढें गेल्या, असें झालें नाहीं. १८८९ त त्यांनीं मुंबईंत शारदासदन काढलें. दुष्काळानें आईबाप व थोरली बहीण ओढून नेलेली ही स्त्री १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत जाऊन निराधार मुली व विधवा घेऊन आली, आणि पुण्याजवळ केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. तटांना तारण व वेशींना स्तुति म्हटलें जाईल, या आशयाच्या यशयाच्या साठाव्या अध्यायांतील वचनाशीं तें नांव जुळलेलें आहे. तेथें पुढें कृपासदन या नांवाचें निराळें घर झालें, आणि तें फुलमच्या आश्रमांत भेटलेल्या स्त्रियांसारख्यांसाठीं होतें. ऐकलेला अध्याय विटांत बांधला गेला तो असा. त्यासाठीं विहिरी खणाव्या लागल्या, धान्य मोजावें लागलें, माग चालवावे लागले. हा भाग व्याख्यानांत थोडक्यांत येतो, पण वर्षें त्यांतच गेलीं.

विहिरीची ही कथा महाराष्ट्रांत वाचली जाते तेव्हां तिचा अर्थ युरोपांतल्यापेक्षां अधिक जवळून लागतो. ज्या प्रांतांत सार्वजनिक तळ्याचें पाणी पिण्यासाठीं १९२७ सालीं महाड येथें डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह करावा लागला, तेथें कोणी कोणाच्या हातचें पाणी मागितलें ही टीपेंत टाकण्याची बाब नव्हे. ख्रिस्ती घरेंही यांतून सुटलीं नव्हतीं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रें’ १९३४ ते १९३६ या काळांत प्रसिद्ध झालीं. नारायण वामन टिळकांनीं १८९५ त बाप्तिस्मा घेतल्यावरही आपलें सोंवळें सुटावयास किती काळ लागला, हें त्यांत त्यांनीं निर्मळ विनोदानें सांगितलें आहे. मत पालटतें तें एका दिवसांत. हाताची संवय सावकाश सुटते. अध्यायावर मान डोलविणारीं घरें सोयरिकीची बोलणीं निघतांच पूर्वजांची जात हळूच विचारतात, ही गोष्टही त्याच संवयीची.

रमाबाईंना आणखी एक अडचण दिसली होती. मराठी शास्त्रांतील संस्कृतप्रचुर शब्द साध्या बायकांना उमगत नाहींत, मग त्या तें आपल्या दिवसाला लावणार कशा? आयुष्याच्या उत्तरकाळांत त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि सारें बायबल सोप्या मराठींत आणावयास बसल्या. १९२१ त त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली, तरी काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या स्वतः निवर्तल्या. समग्र ग्रंथ १९२४ त केडगांवच्या छापखान्यांतून बाहेर पडला; त्याचे खिळे जुळविण्याचें आणि तो छापण्याचें काम मुक्तिसदनांतील बायकांच्या हातून झालें.