नाण्यावरचे स्वराज्य



राज्य बदलले, हे सामान्य रयतेला कळते ते हातातल्या नाण्यावरून. म्हणूनच नाणे पाडणे हे सार्वभौमत्वाचे लक्षण मानले गेले.

तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिला, असे परंपरा सांगते. भोर आणि वेल्हे (आताचा राजगड तालुका) या मावळप्रांतात स्वराज्य वाढत होते, तेव्हा बाजारात चालणारी नाणी मात्र परक्या सत्तांची होती. सुमारे पंचवीस वर्षांनी राजधानी राजगडाहून रायगडी गेली. तेथे ६ जून १६७४ रोजी शिवछत्रपतींना राज्याभिषेक झाला. तांब्याच्या शिवराईवर व सोन्याच्या होनावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही देवनागरी अक्षरे उमटली. ना राजाची प्रतिमा, ना स्तुतीची बिरुदे!

त्याच वर्षी इंग्रजांनी आपले नाणे स्वराज्यात चालावे, असे कलम तहात मागितले. नाणे कसाचे असेल तर लोक आपण होऊन घेतील; तोटा सोसून ते घेण्याची सक्ती प्रजेवर करता येणार नाही, असा महाराजांच्या उत्तराचा आशय होता. नाण्याची किंमत छापात नाही, विश्वासात आहे, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे?

शिवराई पेशवाईतही पाडली जात होती. अक्षरांचे वळण बदलले, दुहेरी रेघेची ‘दुदांडी’ शिवराई आली. पण नाव तेच राहिले. रुप्याच्या अंकुशी रुपयावर मात्र दिल्लीच्या बादशहाचे नाव फारशीत होते. पुण्याची खूण म्हणजे केवळ अंकुश. सत्ता मराठ्यांची, छाप बादशहाचा, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे.

१८३५ च्या कायद्याने कंपनीचा एकच रुपया आला. त्यावर विल्यम राजाचा मुखवटा होता. १९५० मध्ये त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले, १९५७ मध्ये नवा पैसा आला. स्वतःची प्रतिमा नाण्यावर न घालणाऱ्या शिवरायांची प्रतिमा १९९९ मध्ये दोन रुपयांच्या नाण्यावर झळकली.

पण खरा ठेवा जुन्या घरांच्या फडताळांत आहे. शिवराई चिंचेने घासली की अक्षरे झिजतात. मोडीत घातली की एक दस्तऐवजच वितळतो. ती जपावी. जमिनीत नाणी सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. गडांचे दगड आपण जपतो. त्याच स्वराज्याचे तांबेही जपले पाहिजे.