गावची लेक आणि वॉर्डाची यादी

भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, शेताच्या बांधावर मोबाईल ठेवून ऐकणाऱ्या सगळ्या ताई-माईंना आमच्या गटांचा नमस्कार. आम्ही एकाच वॉर्डातल्या चार बचत गटांच्या बाया. आमच्या आक्का नगरपंचायतीला उभ्या राहिल्या होत्या, त्याची हकीकत सांगायला आलोय. त्यांचं नाव घेत नाही. त्याच म्हणाल्या, "माझं नाव नको, यादीचं सांगा."

आक्कांचा जन्म इथलाच, आणि त्यांना दिलंही गावातच. माहेर वरच्या आळीला, सासर खालच्या आळीला, मधे ओढा. अख्ख्या आयुष्यात दुसऱ्या गावी चार रात्री सलग राहिल्या नसतील. आता तुम्ही म्हणाल, यांच्याइतकं गावचं कोण? पण प्रचाराला निघालो तर माहेरची भावकी म्हणते, "ती आता खालच्या आळीची." खालची आळी म्हणते, "लेक वरच्यांची, तिकडं मागा मतं." पुरुषाला कधी विचारतात का हो, तू नक्की कुठला?

उभं राहायचं कारण तो ओढाच. 2015 साली आमची ग्रामपंचायत गेली आणि नगरपंचायत आली. गावाचे 17 वॉर्ड झाले. शहर झालो म्हणून पेढे वाटले. नंतर कळलं, ग्रामसभा गेली. ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा व्हायची, तीही गेली. नगरपंचायतीच्या सभेत बोलायचं ते निवडून आलेल्यांनी. आणि त्याच सुमाराला ओढ्याच्या जुन्या वाटेवर भराव पडला, घरं उठली. पुढच्या मोठ्या पावसात पाणी खालच्या आळीत शिरलं. आमच्या एका गटाचं शिलाईचं सगळं कापड भिजलं, दोन मशीनी गेल्या, त्यावरचं कर्ज अजून फेडतोय. आक्का सांगत होत्या, "पाणी कुठनं जायचं ते मला ठावं हाय, पोरगी असताना परकर खोचून रोज ओलांडलंय मी." ऐकणार कोण? सांगायला जागाच नव्हती.

तुम्हाला माहीतच आहे, 1993 पासून गावच्या आणि शहरच्या कारभारात बायांना तिसरा हिस्सा जागा मिळाल्या, आणि आपल्या राज्यात 2011 पासून निम्म्या. आमचा वॉर्ड सोडतीत सर्वसाधारण महिला निघाला. दुसऱ्याच दिवशी चौकात फलक लागले. नवऱ्याचा फोटो हातभर, बाईचं नाव खाली मुंगीएवढं.

कागदांचं थोडक्यात सांगतो. वय 21 पूर्ण हवं. 12 सप्टेंबर 2001 नंतर झालेल्या मुलांमुळे संख्या दोनच्या वर गेली असेल तर उभं राहता येत नाही. घरपट्टी, पाणीपट्टी थकलेली चालत नाही. सूचक त्याच वॉर्डातला मतदार लागतो. आधीच्या निवडणुकीला आम्ही आक्कांना आयत्या वेळी गळ घातली होती. तेव्हा सासऱ्यांच्या नावावरची जुनी पट्टी निघाली आणि ते तिथंच राहिलं. या वेळी वर्षभर आधी गटानं हप्ते पाडून ती भरून घेतली. एक मात्र ध्यानात ठेवा. जागा जातीसाठी राखीव असली तर जातीचे कागद माहेरचे लागतात. दूरवरून लग्न होऊन आलेल्यांनी ते सवडीनं आणून ठेवावेत. फॉर्म भरायच्या दिवसांत एसटीनं माहेरी जाऊन कागद हुडकणं होत नाही.

प्रचार आम्ही पायी केला. वडापाव नाही, गाड्या नाहीत. संध्याकाळी दिवाबत्तीनंतर पाच-सहा जणी निघायचो. आक्का भाषण करायच्या नाहीत. एकेकीच्या परड्यात उभ्या राहून सांगायच्या, इथं पूर्वी काय होतं, पाणी कसं वळायचं. म्हातारी माणसं मान हलवायची, हा, खरंय.

मतदानाच्या दिवशी दुपारी आमच्यातलीच एक रडत आली. म्हणाली, मशीनवर आक्काचं नावच नाही. मग दुसरी आली, मग तिसरी. झालं असं होतं, की देवळामागच्या बोळातून वॉर्डाची हद्द जाते, आणि त्या बोळातली आमची 31 नावं शेजारच्या वॉर्डात पडली होती. नगरपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीतूनच वॉर्डावॉर्डाला फोडतात. आधी प्रारूप यादी लावतात, हरकतीला मोजके दिवस देतात. नवं नाव तिथं घालता येत नाही, पण वॉर्ड चुकलाय हे सांगता येतं. यादी फलकावर लागली होती. त्या आठवड्यात आम्ही कांदा लागणीला होतो. कोणीच बघितली नाही.

आक्का 14 मतांनी पडल्या.

त्या रात्री कोणी कोणाशी बोललं नाही. पुरुष मंडळी म्हणाली, भावकीनं दगा दिला. पण आमचा हिशोब आम्हाला कळत होता. पट्टी भरली, दाखले गोळा केले, आणि आपल्याच घरांची नावं वाचली नाहीत. आक्का मात्र तिसऱ्या दिवशी पावत्या घेऊन बसल्या. पडलेल्या उमेदवारालाही निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो, नाहीतर पुढं उभं राहायला बंदी येऊ शकते. पत्रकं, रिक्षा, चहा, सगळं लिहून दिलं.

आणि मग त्या निवडून आलेल्या बाईकडे गेल्या. आम्हाला ते पटलं नव्हतं, खरं सांगतो. त्यांना म्हणाल्या, "चला, ओढा दाखवते." बाई आल्या, सोबत नवराही आला. आक्कांनी त्यांना काठावर लिंबाखाली थांबवलं, "दाजी, तुम्ही बसा सावलीला." बाईला घेऊन एकट्या आत उतरल्या. अर्धा तास दोघी भरावापर्यंत चालत होत्या. वर आल्यावर त्या बाईनं आमच्याच वहीतलं पान फाडून मागितलं आणि पाण्याची जुनी वाट काढून घेतली. सभेत विषय मांडते म्हणाल्या. अजून मांडला नाही. दर महिन्याला आक्का विचारायला जातात.

आम्ही देवळामागच्या बोळातली घरं वहीत उतरवलीत, दारोदारी, मतदार कार्डाच्या नंबरासकट. प्रारूप यादी लागेल त्या दिवशी कोणी दोघींनी रजा घ्यायची, हेही ठरलंय. कांदा असो नाहीतर लग्न.